नवी पेटी

आमच्या घरात 'पेटी' म्हटले की थोडा घोटाळा होतो. एक पेटी बाबांची, म्हणजे हार्मोनियम. तिचा भाता फाटला आहे, तरी दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहावे लागते. दुसरी म्हणजे संगणक. माझ्या सासूबाई त्याला पहिल्या दिवसापासून 'गान्याची पेटी' म्हणत आल्या, आणि त्यांचे काही चुकत नाही. मी कादंबऱ्या अजून हाताने लिहिते. मॅट्रिकनंतर चित्रकलेची पदविका घेऊन शाळेत लागले. नोकरीसाठी एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्रही मिळवले. पण त्या विद्येचा उपयोग मी गाणी वाजवण्यापलीकडे कधी केला नाही. ही दुसरी पेटी गेल्या वैशाखात आजारी पडली, आणि तिच्या जागी नवी आणण्यात माझे पाच महिने गेले. तेवढ्या वेळात मुलीचे लग्न ठरून जाते, असे आमचे हे म्हणाले. हे खरे आहे. पण लग्न ठरवताना चार माणसे सल्ला द्यायला असतात, येथे मी एकटी होते.

आजार काय, तर ओरडण्याचा. ब्रह्मपुरीचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना मी काय सांगावे? मे महिन्यात पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीसवर जातो, आणि आमच्या गावाचे नाव एरवी ज्या वर्तमानपत्रांत छापून येत नाही त्यांत त्या आठवड्यापुरते पहिल्या पानावर येते. अशा उष्म्यात संगणकाच्या पोटातला पंखा जीव तोडून फिरतो. चौदा वर्षांची धूळ त्याच्या पात्यांवर बसलेली. गाणे लावले की आधी घरघर, मग गाणे. त्यात तबकडी मधूनच टक् टक् करू लागली. एखाद्याने दारावर हळूच टिचकी मारावी, तशी. ती ऐकली की माझ्या पोटात खड्डा पडे.

खड्डा का पडे, ते सांगायला हवे.

माझे बाबा झाडीपट्टीतल्या नाटकांना पेटीची साथ करीत. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी थोडे लिहिते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, कुठे शंकरपट होतो, आणि रात्री नाटक लागते. ते पहाटेपर्यंत चालते. होळीच्या आसपास हंगाम संपतो. वैनगंगेपलीकडे वडसा आहे, तिथे नाटक मंडळ्यांची ठाणी आहेत. गावकरी तिथे जाऊन नाटक ठरवतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे बाहेरच्यांना या रंगभूमीचा पत्ता लागला. माझ्या बाबांना अर्थात कोणी काही दिले नाही. नारळ आणि दुपट्टा मात्र पुष्कळ मिळाले.

बाबांनी एक टेपरेकॉर्डर घेतला होता. तो ते पेटीच्या शेजारी ठेवून देत. एका बाजूला अर्धा तास, की कॅसेट संपली. मग पद मध्येच तुटलेले, किंवा उलटवायला विसरल्यामुळे पुढचा अंकच गायब. अशा एकेचाळीस कॅसेटी. ते २०११ साली गेले. पुढच्या वर्षी मी संगणक घेतला आणि उन्हाळ्याच्या सुटीत एकेक कॅसेट वाजवून त्यात उतरवून घेतली. त्यानंतरच्या पावसाळ्यात माळ्यावर कौलांतून पाणी गळाले. कॅसेटींचा लगदा झाला. म्हणजे बाबांची सारी नाटके जगात एकाच ठिकाणी उरली, त्या टक् टक् करणाऱ्या तबकडीवर. दुसरी प्रत करून ठेवायला कितीसा वेळ लागला असता? पण केली नाही. मुलांना 'आजचे काम आज' असे फळ्यावर सुंदर अक्षरांत लिहून देणारी मी.

त्यातल्या सतराव्या कॅसेटवर गाणे असे फारसे नाही. दोन अंकांमधला वेळ आहे. कोणी पेट्रोमॅक्सला हवा मारतो आहे, लांब कुत्रे भुंकते आहे, आणि मग बाबा अगदी हळू म्हणतात, "पोरी, झोपली का? पानी आन थोडं." त्यावर एक झोपाळलेले "हो बाबा" येते. ते माझे. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. पंख्याची घरघर सुरू झाली की हे बोलणे त्यात बुडून जाते. मला नवे यंत्र हवे होते ते एवढ्यासाठी.

हे दुकानात कसे सांगायचे? मी म्हटले, "गाणी वाजवायची आहेत." दुकानातल्या मुलाने मला एकदा पाहिले आणि ह्यांना विचारले, "सर, बजेट किती?" हे बिचारे छताकडे पाहू लागले. मग त्याने जुनी पेटी उघडली, तिचे पोट तपासले आणि निकाल दिला: १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती बंद झाली आहे, आणि नवी विंडोज ११ या जुन्या यंत्रावर चढणार नाही. हे त्याचे म्हणणे अगदी खरे होते. पण पुढे तो म्हणाला, "ठेवून जा मॅडम, फॉरमॅट मारून विकून देतो." फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे, एवढे मला एमएस-सीआयटीने शिकवले होते. पेटी काखोटीला मारून मी बाहेर पडले. दुकानाचे नाव सांगत नाही. पोराच्या मनात वाईट नव्हते.

तबकडी तपासून घ्यायला आणि नव्या पेट्या पाहायला एसटीने नागपूरला गेले. सीताबर्डीवर एका विक्रेत्याने मला पंचावन्न हजारांचा लॅपटॉप दाखवला आणि त्यातून एक लाख ब्याण्णव हजार नमुन्यांचे संगीत ऐकू येते असे सांगितले. मी घाबरले. घरी येऊन वाचले तेव्हा धीर आला. सीडीच्या वेळेपासून रिवाज असा, की सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजायची आणि आकड्यांत लिहून ठेवायची. माणसाच्या कानाला फार तर सेकंदाला वीस हजार कंपने कळतात, आणि मोजणी त्याच्या दुपटीहून थोडी जास्त असली की काम भागते. माझे कान तर पंचेचाळिशीचे. आणि बाबांच्या कॅसेटीवर तेवढे उंच स्वर मुळात उतरलेलेच नाहीत. छटाकभर दूध मोजायला घागर कशाला? तासाभराचे संगीत या हिशेबाने साधारण ६३५ मेगाबाइट होते, आणि फ्लॅक नावाच्या पद्धतीने घडी घातली तर एकही आकडा न गमावता पुष्कळ कमी जागेत मावते. एकेचाळीस कॅसेटी नखाएवढ्या कार्डावर बसतात. बाबांनी हे ऐकले असते तर कार्ड उलटेसुलटे करून पाहिले असते.

शेवटी तोड काढली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. त्याची चित्रे भयंकर असत. हत्ती आणि म्हैस यांत मला कधी फरक कळला नाही. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला संगणक नाही, शांतता घ्यायची आहे." आणि त्याने रास्पबेरी पाय नावाची पत्त्याएवढी पट्टी सुचवली. ती २०१२ पासून बाजारात आहे. माझी जुनी पेटी घेतली तेव्हाही होती, फक्त मला ठाऊक नव्हती. ॲल्युमिनियमच्या कवचात बसवली की ते कवचच तिची उष्णता बाहेर टाकते, पंखा लागत नाही. तबकडीऐवजी न फिरणारी एसएसडी, म्हणजे टक् टक् नाही. आवाजासाठी वेगळी छोटी डबी, ती जुन्या ॲम्प्लिफायरला जोडायची. लिनक्स फुकट. सगळे मिळून लॅपटॉपच्या चौथाई किमतीत. आणि वीज इतकी कमी खाते की दिवे गेल्यावर इन्व्हर्टरवर रात्रभर वाजेल. दिवे जाणे हा आमच्याकडे विचारात घेण्याचाच मुद्दा आहे.

यांनी एकच शंका काढली. "उन्हाळ्यात कूलर लावल्यावर तुझी ही शांतता कुठे राहणार?" उत्तर मला सुचले नाही. आमचा कूलर चालू झाला की शेजारच्यांना पाऊस आल्यासारखे वाटते. पण नाटकेही काही उन्हाळ्यात होत नाहीत, असे मी थोड्या वेळाने म्हटले.

जुन्या तबकडीवरून आवाज काढायला तीन रात्री लागल्या. सदतीस कॅसेटी धड उतरल्या, चार गेल्या. सतरावी उतरली. या वेळी मी तीन प्रती केल्या. एक राखीबरोबर चंद्रपूरला भावाकडे पाठवली. मग प्रत्येकीला नाव द्यायला बसले. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने पहिल्या ध्वनिमुद्रिका दिल्या तेव्हा गाण्याच्या शेवटी ती आपले नाव उच्चारी, म्हणजे परदेशी कारखान्यात चिठ्ठी लावताना चूक होऊ नये. बाबांनी कुठेही नाव सांगितलेले नाही. एका कॅसेटवर ते कोणाला तरी रागावले आहेत, एवढीच खूण. सदतीस वेळा मी त्यांचे नाव टंकले, आणि दर वेळी 'पेटी' हा शब्दही.

कोजागरीच्या रात्री यंत्र जोडले. पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली. दूध आटत होते. सासूबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. त्यांना अलीकडे ऐकू कमी येते. मी सतरावी लावली. कुत्रे भुंकले, पेट्रोमॅक्सला हवा मारली गेली, आणि बाबा बोलले. हे माझ्याकडे पाहत होते, मी ॲम्प्लिफायरच्या हिरव्या दिव्याकडे.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "कोन पानी मांगते वं? दे न त्यायले."