निकषाबाहेरची वाडी

बालविकास प्रकल्प अधिकारी या नात्याने मी जिंतूर तालुक्यात रुजू झालो तो सन २००४चा पावसाळा होता, आणि परभणी जिल्ह्यात आता आदिवासींचा प्रश्न म्हणून काही उरलेलाच नाही, अशी एक सर्वसाधारण समजूत त्या काळी लोकांत आणि आम्हा नोकरदारांत रूढ होती. या समजुतीला कारण होते. १ मे १९९९ रोजी हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा झाला, कळमनुरी, औंढा, सेनगाव, वसमत हे तालुके तिच्याबरोबर गेले, आणि त्या मुलखातील डोंगरउतारांवर पिढ्यानपिढ्या शेती करून राहिलेला आंध समाज, आपल्या जागेवरून एक पाऊलही न हलता, कागदोपत्री दुसऱ्या जिल्ह्यात गेला. मागे राहिले ते जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यातले थोडे. पुढे २०११च्या जनगणनेत हिंगोलीत अनुसूचित जमातींचे प्रमाण शेकडा नवाच्या वर, तर परभणीत जेमतेम दोनच्या आसपास भरले. एखादा समाज शेकडा दोन असला म्हणजे त्याच्यासाठी बैठक भरत नाही. आयत्या वेळच्या विषयांत त्याचा उल्लेख होतो, आणि तोवर चहा आलेला असतो.

संख्येपेक्षाही अधिक जाचक गोष्ट होती ती निकषाची. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्र शेजारच्या नांदेड जिल्ह्यात आहे, परभणीत नाही. त्यामुळे आदिवासी प्रकल्पात सातशे लोकवस्तीला जी अंगणवाडी मिळे, ती आमच्याकडे हजार लोकवस्ती भरल्यावाचून मिळत नसे, मग त्या वस्तीत राहणारा माणूस आंध असो की आणखी कोणी. येलदरीच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला, ओढ्यापलीकडे वसलेली एक वाडी या हिशेबात कधीच बसत नव्हती. तिची मुले खालच्या गावातील अंगणवाडीच्या पटावर होती. परंतु पावसाळ्यात ओढा आणि सुगीत आईबापांचे काम यांमुळे ती वर्षातील बहुतेक काळ गैरहजर असत, आणि त्या गैरहजेरीचा दोष, सरकारी भाषेच्या रिवाजाप्रमाणे, ‘पालकांची उदासीनता’ या सदरात जमा होई.

माझ्या हाताखालील मुख्यसेविकांपैकी एक बाई स्वतः आंध होत्या, माहेर कळमनुरीकडचे. दप्तरी त्यांची जागा माझ्या खाली असली, तरी पुढील तीन-चार वर्षांत त्या भागातील मुलांविषयीचे जे जे निर्णय झाले त्यांचा उगम त्यांच्या टेबलाशी होता, माझ्या टेबलावर त्यांवर फक्त सही झाली, हे येथेच सांगून टाकतो. प्रशिक्षणवर्गांत नेतृत्वाचे गुण फळ्यावर लिहून देण्याची चाल आहे. तो तक्ता मीही उतरवून घेतला होता, पण या बाईंना तो लावून पाहू गेल्यास त्या बहुधा नापास झाल्या असत्या. सभेत त्या बोलत नसत. पहिल्याच महिन्यात दौऱ्याचा कार्यक्रम माझ्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, “साहेब, मंगळवारी काटा वाडीवर न्यायचा हाय.”

“कोणत्या नियमाखाली?”

“नियम गावच्या अंगणवाडीचाच. लेकरं तिच्याच पटावरची हायत. लेकरू काट्याकडं येत नाही, तर काटा लेकराकडं जाईल.”

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम आरंभिले आणि पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा बालवाडीत न येणाऱ्या मुलांच्या अंगणात जाऊन शिकविण्याचा जो उपक्रम त्यांनी चालविला, त्यातूनच आमच्या खात्याच्या अंगणवाडीला तिचे नाव मिळाले. त्याच खात्याच्या अधिकाऱ्याने अंगणात जाण्याचा नियम विचारावा, यातील विनोद बाईंच्या ध्यानात आला असल्यास त्यांनी तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

मंगळवारी मी बरोबर गेलो. लिंबाच्या आडव्या फांदीला सॉल्टरचा काटा टांगला. त्याच्या आकड्यात कापडी झोळी अडकवून बाईंनी प्रथम रिकाम्या झोळीवर काटा शून्यावर आणला, आणि मग मूल आत ठेवल्यावर त्याचे हातपाय हलायचे थांबेपर्यंत त्या डोळा न हलवता तबकडीकडे पाहत उभ्या राहिल्या. “लेकरू मोजत्यात का कुठं? दृष्ट लागली तर काढायला तुमी येनार का?” असे एक आई तडकून म्हणाली. बाईंनी तिच्याशी वाद घातला नाही. वजन मोठ्याने पुकारण्याचा प्रघात त्यांनी त्या वाडीपुरता मोडला. आकडा त्या वहीत लिहीत आणि मग आईला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगत. सुकडीची पुडी मात्र सर्वांसमक्ष देत. त्या दिवशी दीड वर्षाचा एक मुलगा साडेपाच किलोंच्याही आत भरला, म्हणजे त्या वयाला अपेक्षित वजनाच्या निम्म्याहून कमी. त्या वेळच्या कोष्टकाप्रमाणे श्रेणी चार.

मराठवाड्यात तेव्हा कुपोषणाविरुद्धची मोहीम चालू होती. व्ही. रमणी हे औरंगाबादचे विभागीय आयुक्त असताना तिला आरंभ झाला, आणि २००५ साली तिच्यातूनच राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन औरंगाबादेत स्थापन होऊन ते काम राज्यभर पसरले. या मोहिमेचे मर्म, माझ्या समजुतीप्रमाणे, आहारापेक्षा वजनाच्या खरेपणात होते. श्रेणी तीन आणि चारची मुले कागदावर कमी दाखविणे हा सर्वांच्या सोयीचा मार्ग होता. सेविकेला खुलासा द्यावा लागत नसे, अधिकाऱ्याला बोलणी बसत नसत, आणि मुलाला काही कळत नसे. वाडीची वजने लागताच त्या अंगणवाडीचा आलेख एकाएकी बिघडला आणि वरच्या एका कार्यालयातून खुलाशाची मागणी आली. बाईंनी उत्तराचा मसुदा आणून दिला. त्यात एकच ओळ होती: मुले पूर्वीचीच आहेत, काटा नवीन आहे. मी त्या ओळीला चार सभ्य वाक्यांचे अस्तर लावले आणि सही केली.

दिवाळी सरली की त्या पट्ट्यातून कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी साखर कारखान्यांकडे जातात, मुले गाडीवर. आणि आमच्या पटावर त्यांच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडे. तिकडच्या अंगणवाडीत त्यांचे नाव नसे, सबब तिकडचा आहारही नसे. श्रेणी चारचा तो मुलगाही असाच निघाला होता. ऐन त्याच हंगामात, २००५ साली, कॅनडात क्री या आदिवासी समाजाचा जॉर्डन रिव्हर अँडरसन नावाचा पाच वर्षांचा मुलगा इस्पितळातच वारला. डॉक्टरांनी त्याला घरी नेण्यास संमती दिली होती. पण घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्राने सोसावा की मॅनिटोबा प्रांताने, हा वाद मिटेना, आणि त्याने घर असे कधी पाहिलेच नाही. ज्या सरकारकडे मूल प्रथम येईल त्याने आधी खर्च करावा, भांडण मागाहून मिटवावे, हे तत्त्व तेथील संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने त्याच्या नावाने २००७ साली मान्य केले. आमच्या बाईंना यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी मुलाच्या वजनाच्या तक्त्याची नक्कल केली, तिच्यावर माझा शिक्का घेतला, ती आईच्या हाती दिली आणि कारखान्याकडील तालुक्यातल्या मुख्यसेविकेला दूरध्वनी करून, आहार आधी सुरू करा, कागद मी पाठविते, असे कळविले. पत्रव्यवहार पुढे कित्येक महिने चालला. तो मुलगा वैशाखात परत आला तेव्हा श्रेणी तीनमध्ये होता.

पारध्यांच्या पालांवर मात्र बाई काटा नेत नसत. आधी नुसत्या जात, बसत, परत येत. जीप दिसली की तिथली माणसे मुले घेऊन रानात शिरत. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याला १८९७ साली जी दुरुस्ती झाली, तिने चार वर्षांवरची मुले आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला असला, तरी सरकार मुलांची गणती करते ते ती नेण्यासाठीच, ही समज रद्द करण्याची तजवीज कोणत्याही कायद्यात नाही.

१३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्नाधिकाराच्या खटल्यात आदेश दिला, की ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिने मागणी केल्यास तीन महिन्यांत ती द्यावी. वाडीत मुले चाळिसांना पुरून उरतील इतकी होती. प्रश्न मागणीचा होता. मागणी लोकांनी करावयाची, आणि ती स्वीकारणार आमचेच कार्यालय. मग खात्याच्या नोकराने अर्ज लिहून द्यावा काय? मला ते प्रशस्त वाटले नाही, आणि आजही ही शंका निराधार होती असे मी म्हणणार नाही. बाईंनी यातून वाट काढली. त्या अर्ज लिहिणार नव्हत्या, फक्त वाचून दाखविणार होत्या. लिहिण्याचे काम वाडीतल्या नववीतल्या एका मुलीकडे दिले, आणि बायांनी सांगितले तसेच ते उतरले. ओढा आडवा येतो, हे आले. सेविका वर चढत नाही, हेही आले. एका आजीने खिचडीत डाळ दिसत नाही, ही तक्रारही त्यातच घालायला लावली, आणि ती तक्रार खुद्द बाईंच्या खात्याविरुद्ध, म्हणजे काही अंशी त्यांच्याविरुद्धच असताना, त्यांनी ते वाक्य जसेच्या तसे वाचून दाखविले. खाली आयांचे अंगठे, आणि प्रत्येकीच्या अंगठ्यापुढे तिच्या मुलांची नावे.

मंजुरी तीन महिन्यांत आली नाही, परंतु आली. सेविका म्हणून खालच्या गावातील एका वजनदार घरची सून येणार अशी वदंता होती. बाईंनी उमेदवाराचा रहिवास कोठला, हे पाहण्यासाठी रेशनकार्डे मागविली, आणि वाडीत नांदणाऱ्या, दहावी झालेल्या एका आंध मुलीची नेमणूक झाली. यावरून बाईंविरुद्ध निनावी अर्ज गेले. जातभाईंचे भले करते, असा त्यांचा आशय होता. चौकशी माझ्याकडेच आली. मागविलेली रेशनकार्डे मी अहवालास जोडली आणि प्रकरण दप्तरदाखल झाले.

त्यानंतर माझी बदली झाली. माझी जागा पुढे दीर्घकाळ रिक्तच राहिली, मराठवाड्यात अशा जागा राहतात, आणि प्रकल्पाचा अतिरिक्त कार्यभार बाईंकडे गेला. त्यासाठी वेगळा भत्ता त्यांना मिळाला नाही. वरून येणारी पत्रे तेव्हाही माझ्याच पदनामाने येत, आणि उत्तराखाली, माझ्या पदनामाच्या शिक्क्यावर ‘करिता’ लिहून, त्या सही करीत.