दोन शहापुरं आणि पायथ्याचा मुक्काम

शहापूर म्हटलं की आपल्या भागातल्या माणसाला बेळगावचं शहापूर आठवतं. साड्या, माग, कापडपेठ. माझं माहेर तिथलंच. पण माझ्या मावशीला पन्नासएक वर्षांपूर्वी दिलं ते दुसऱ्या शाहपुरात, मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात. बुऱ्हाणपूरहून इच्छापूरकडे येणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. महाराष्ट्राची हद्द इथून अगदी जवळ. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि निमाड मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे मावशीच्या घरात मराठी आणि नातवंडांच्या शाळेत हिंदी. आमच्या घरात मराठी-कानडी. सीमेवरच्या माणसांना एकमेकांचं फार समजावून सांगावं लागत नाही, ते असं.

आई शहात्तर वर्षांची, मावशी एक्क्याऐंशीची. दोघींची भेट सात वर्षांपूर्वी एका लग्नात झाली, तीही पंगतीच्या गडबडीत. मावशीला आता लांबचा प्रवास सोसत नाही. आई म्हणते, "तिच्या घरी गेलं तर ती चुलीपासून हलत नाही. बोलायचं कधी?" इतक्यात मुलांनी टीव्हीवर वाळवंटी डोंगराच्या पायथ्याशी लाकडी केबिनीत राहणारं एक कुटुंब पाहिलं आणि हट्ट धरला, आपणही असंच जाऊ या. मला वाटलं, हे बरं आहे. दोघी बहिणींपैकी कुणाचंच नाही असं घर, दोन रात्री. कुणी यजमान नाही, कुणी पाहुणी नाही.

मग वही काढली. वाळवंट आपल्याकडे नाही, पण सातपुड्याचा पायथा उन्हाळ्यात फारसा वेगळा नसतो. सागाची पानं गळून जातात, नाले कोरडे पडतात, तापीच्या खोऱ्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. म्हणून मे महिना पहिल्यांदाच खोडला. पावसाळ्यात जंगलातले रस्ते नको. उरली थंडी. नाताळच्या सुट्टीत मुलं मोकळी असतात, तेव्हा तेच ठरलं. थंडीचं काय, तर सासूबाईंनी शिवलेल्या तीन कौद्या बरोबर घ्यायच्या. आई त्यांनाच वाकळ म्हणते.

जागा तीन निघाल्या. एक असीरगड. दक्षिणेची किल्ली म्हणवणारा हा गड अकबरानं १६०१ मध्ये घेतला. पण चढ पाहता तो गाडीतून दाखवायचा आणि मुक्काम बुऱ्हाणपुरात करायचा, म्हणजे जंगल गेलं. दुसरी मेळघाटातली सेमाडोह-कोलकासची बाजू. सिपना नदी, दाट जंगल, सगळं सुंदर, पण घाटाचा लांबचा रस्ता मावशीच्या पाठीला झेपणार नाही. तिसरं पाल. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात, सुकी नदीकाठी, १९६९ साली झालेल्या यावल अभयारण्यात. शाहपुरहून त्यातल्या त्यात जवळचं. तिथल्या वनखात्याच्या विश्रामगृहावर मत पडलं. केबिन नाही म्हणून मुलं जरा हिरमुसली. पण व्हरांड्यात बसलं की समोर जंगल आहे, असं सांगितल्यावर निवळली.

आमचे मामंजी मूळचे विजापूरचे. यादी ऐकून घेतली आणि एकच बोलले, "मोदल नीर नोडव्वा." आधी पाणी बघ, बाई. विजापूरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आदिलशाहीत तोरवीकडून जमिनीखालच्या बोगद्यानं शहरात पाणी आणलं होतं. बिदरजवळ नौबादला बहामनी काळातली अशीच करेज आहे. इराणच्या रखरखीत मुलखात ही विद्या जन्मली. डोंगराच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी शोधायचं, तिथून अगदी हलक्या उताराचा बोगदा गावाकडे न्यायचा आणि हवेसाठी व गाळ काढण्यासाठी वर ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडं ठेवायची. मोट नाही, पंप नाही, पाणी आपल्या वजनानं चालत येतं.

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा हाच. अब्दुर्रहीम खानखाना सुभेदार असताना, सुमारे १६१५ मध्ये, इराणी जाणकाराच्या मदतीनं सातपुड्याचं पाणी शहरात आणलं गेलं. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचं नाव आलं. मामंजींसाठी जाताना एक सकाळ तिथे राखून ठेवली आहे. खाली उतरायच्या लिफ्टची चौकशी मात्र आधी करायची.

पायथ्याच्या त्या दगडगोट्यांच्या पट्ट्याला तिकडे बझाडा म्हणतात. पाऊस तिथे मुरतो आणि खालच्या केळीच्या बागा त्यावर जगतात. बागा वाढल्या तशी विहिरींची पाणी-पातळी खाली गेली. मावशीचा मुलगा सांगतो, वडिलांनी खणलेली विहीर आता नुसती खूण म्हणून उरली आहे. जुलै २०२२ मध्ये बुऱ्हाणपूर हा देशातला पहिला 'हर घर जल' प्रमाणित जिल्हा ठरला, त्यामुळे घरात नळ आहे. शेताची काळजी वेगळी. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन राज्यांनी तापी खोऱ्यातल्या महापुनर्भरण योजनेचा करार केला. पाणी याच पायथ्यात जिरवायचं, हा त्यातला विचार.

आता वहीतली बाकीची कलमं. वाचकांपैकी कुणाला उपयोगी पडतील म्हणून देते. बेळगावहून गोवा एक्स्प्रेसनं भुसावळ, पुढे गाडी. आरक्षण वनखात्याकडे वेळेत करावं. पिण्याचं पाणी आपलं, माणशी रोजचं चार लिटर धरून. शेकोटी वनरक्षकाला विचारल्याशिवाय नाही. वाळलेल्या सागाच्या पानांना ठिणगी पुरते. सकाळी बूट झटकूनच पाय घालावा, विंचवाचा मुलूख आहे. बॅटरी प्रत्येकी एक. औषधांची पिशवी आईच्या हाती नको, ती विसरते.

खाण्याचं भांडण आपोआप मिटलं. इकडून कडक भाकरी आणि शेंगाचटणी, ती आठवडाभर टिकते. मावशीकडून कळण्याची भाकरी, भरीत आणि बिबडे. बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी वाटेत, पण मावशीला साखरेचा त्रास आहे, म्हणून तिला अर्धीच.

एका खोलीत दोन खाटा शेजारी-शेजारी लावून द्याल का, असं फोनवर विचारलं. पलीकडचे गृहस्थ हो म्हणाले. परवा मावशीचाही फोन आला. बाकी काही तिनं विचारलं नाही, फक्त व्हरांड्याला पायऱ्या किती आहेत तेवढं. तीन आहेत, म्हणून सांगितलं. "मग येते," म्हणाली.