डिस्चार्ज कार्डावरचा संकेतांक

रुग्णालयातून घरी परतल्यावर डिस्चार्ज कार्ड आपण न वाचताच फाइलीत ठेवून देतो. मीही तेच केले होते. आई उंबऱ्याला अडखळून पडली आणि तिच्या नडगीचे हाड मोडले. कार्डावर निदानापुढे ‘एस ८२.२’ असा संकेतांक होता. दुखापतीने नडगीच्या हाडाचा मधला भाग मोडला, एवढाच त्याचा अर्थ. तीन वर्षांपूर्वी अशाच किरकोळ पडण्याने तिचे मनगट मोडले होते. ते मी डॉक्टरांना सांगितलेच नव्हते.

फेरतपासणीच्या वेळी ते सांगताच त्यांनी हाडांची घनता तपासून घेतली. हाडे ठिसूळ झाली होती. ठिसूळपणामुळे झालेल्या अस्थिभंगाचा संकेतांक निराळा, ‘एम ८०’ या गटातला. पहिली नोंद मोडलेले हाड सांधण्यापाशी थांबते; दुसरी उरलेल्या हाडांकडे लक्ष वेधते.

म्हणून विनंती आहे, कार्ड रुग्णालयातच वाचा. पाय डावा की उजवा, पडणे कसे झाले, पूर्वी कोणते हाड मोडले होते, हे त्यात नसेल तर लिहून मागा. आईचे हाडांवरचे उपचार आता सुरू आहेत. तिच्या फाइलीत ते कार्ड मी सर्वांत वर ठेवले आहे.