आकडा म्हणतो म्हणून?

अर्जुनी मोरगावला आमच्या घरामागे मिरचीच्या रोपांचा एक वाफा आहे. माती सुकली की पाण्याची मोटार आपोआप सुरू व्हावी, म्हणून बारावीतल्या आमच्या मुलीने अर्डुइनोचे यंत्र जोडले. मातीत खुपसायचा सेन्सर दोन दातांचा. दातांमधून वीज सहज वाहिली की माती ओली आणि आकडा खाली; अडली की माती कोरडी आणि आकडा १०२३ कडे चढतो.

पंधरा दिवस ठीक गेले. मग आकडा चढू लागला, मोटार वारंवार सुरू होऊ लागली. आजी मातीत बोट घालून म्हणाली, "बाई, माती वलीच आहे. पाणी नोको देऊ." आम्ही हसलो. यंत्र खोटे कसे बोलेल? आठवड्यात निम्मी रोपे कुजली. मुलगी रडली आणि आमच्या तोंडून निघून गेले, "राहू दे, आपल्याला नाही जमायचे." जे वाक्य आमच्या बापजाद्यांना दुसऱ्यांनी ऐकवले, तेच आम्ही पोरीला ऐकवत होतो!

दुसऱ्या दिवशी तिने वही उघडली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. आधी तारा हलवून पाहिल्या. एक ढिली निघाली, तिला झाळ दिली. आकड्याच्या उड्या थांबल्या, पण तो चढलेलाच राहिला. मग सेन्सर पेलाभर पाण्यात बुडवला, तरी आकडा पुरता उतरेना. नवा सेन्सर त्याच तारांना जोडताच उतरला. म्हणजे यंत्र चांगले, जुना सेन्सर बिघडलेला. पाहतो तो, त्याचा एक दात झिजून काळा पडलेला. ओल्या मातीत रात्रंदिवस वीज वाहत राहिल्याने त्यावरचा धातू विरघळत होता. आता तासातून एकदा, मोजण्यापुरतीच वीज सोडली जाते.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते, की ऐकीव आहे, परंपरेचे आहे, ग्रंथात आहे, एवढ्यावर काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. विहारात हे आम्ही अनेकदा ऐकले. पोथीला प्रश्न विचारायला शिकलो, पण यंत्रापुढे मात्र मान तुकवली. आणि "आपल्याला जमत नाही" हेही न पारखताच मानून बसलो होतो.

आता वहीत दोन रकाने आहेत. एकात यंत्राचा आकडा, दुसऱ्यात आजीच्या बोटाचा अंदाज. दोन्ही जुळले नाहीत, की मुलगी आधी तारा तपासते. "राहू दे" म्हणणे आम्ही सोडले आहे.