धूर आढ्याला

आईच्या घरात धूर नाही असा दिवस उगवत नाही. पहाटे चूल पेटते. दिवेलागणीला गोठ्यात डास हाकलायला धुरी होते, देवापुढे उदबत्ती असते. चैत्र-वैशाखात भाताच्या रोपासाठी राब भाजतात, आणि एखाद्या दुपारी डोंगराला वणवा लागला की सगळं कोळवण खोरं रात्रभर करपट वासात झोपतं. अशा घरात धुराला ओरडणारं यंत्र बसवायचं, तर त्याने कोणत्या धुराला ओरडायचं हे आधी ठरवावं लागतं. सर्किट त्यानंतर.

*

निमित्त असं झालं. माघातल्या एका रात्री माजघरातला स्विचबोर्ड आतल्या आत धुमसत राहिला. ज्वाळा नव्हती. लाकडी फळी आणि वायरीचं वेष्टण हळूहळू जळत होतं. आईला जाग आली ती शेळी ओरडली म्हणून. मी नंतर विचारलं, "आई, वास नाही आला?" म्हणाली, "झोपंत कसला रं वास येतोय?"

तिचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. झोपलेल्या माणसाला त्याचं नाक जागं करेल याचा भरवसा नसतो; कानाचा बराच असतो. त्यात धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने धरतो. गुंगी चढत जाते. घराच्या आगीत पुष्कळ माणसं ज्वाळा अंगापर्यंत पोचण्याआधी धुरानेच जातात.

पुतणी नववीत आहे. तिने वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, "आजीसाठी शेळी", आणि खाली ट्रान्झिस्टरचं चिन्ह काढलं.

*

पुण्यात बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या आसपास, सगळं सामान एका फेरीत मिळालं. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एलडीआर, पांढरा एलईडी, १०० किलोओहमचा प्रीसेट, दोन-चार रेझिस्टर, पिझो बझर, ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची टोपी. दुकानदाराने न विचारता दोन ट्रान्झिस्टर जास्त टाकले. "पहिला जळतोच," तो पुतणीला म्हणाला. खरंच जळला. सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. तिने उलटं धरलं होतं. आता ती ते कधी विसरणार नाही.

*

पहिलं सर्किट, जसं जमलं तसं. चार इंचांची पीव्हीसी नळी, आतून काळी. एका तोंडाला एलईडी, दुसऱ्या तोंडाला एलडीआर, समोरासमोर. नळीला खालून-वरून भोकं, धूर शिरायला. एलडीआरवर उजेड पडतो तोवर त्याचा रोध काही किलोओहम. उजेड कमी झाला की रोध वाढतो. बॅटरीच्या धन टोकापासून १० किलोओहम आणि प्रीसेट ओलांडून बेसपर्यंत, बेसपासून एलडीआरमार्गे ऋण टोकाला. उजेडात बेसवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास. धूर आला, रोध वाढला, बेस ०.६ व्होल्टच्या वर गेला की ट्रान्झिस्टर सुरू आणि कलेक्टरवरचा बझर वाजायला लागला.

नळीच्या खाली उदबत्तीचा जुडगा धरला तेव्हा वाजला. पुतणी अंगणभर नाचली. एकच उदबत्ती धरली तर ढिम्म.

दुसऱ्या दिवशी, वैशाखातल्या दुपारी, घरात कुणी काही पेटवलेलं नसताना तो आपोआप वाजू लागला.

*

हे का झालं, ते आकडे मांडल्यावर दिसलं. ते इथे उतरवून ठेवतो, कारण शाळेच्या प्रदर्शनात हेच सर्किट दरवर्षी असतं आणि हा हिशोब फलकावर कधी नसतो.

बाजारातला अलार्म साधारण एका फुटाच्या अंतरात १ ते ४ टक्के उजेड अडला की वाजतो. आमची नळी चार इंचांची. म्हणजे तेवढ्याच धुरात आमच्या एलडीआरला दिसणारी घट एक-सव्वा टक्का, तीही फार तर. आता ट्रान्झिस्टरकडे पाहा. त्याचा ०.६ व्होल्टचा उंबरठा तापमान एक अंशाने वाढलं की सुमारे २ मिलिव्होल्टने खाली येतो. पहाट आणि दुपार यांच्यात १५ अंशांचा फरक धरला तर ३० मिलिव्होल्ट. म्हणजे ५ टक्के. आम्हाला धूर ओळखायचा होता, आणि सर्किटला धुरापेक्षा चार-पाच पट मोठं दिसत होतं ते ऊन.

पुतणीने विचारलं, "मग काका, उजेड वाढवला तर?"

उजेड वाढवून भागत नाही. भरपूर उजेडातली एक टक्का घट शोधायची ही रीतच मुळात अवघड आहे.

*

उत्तर स्वयंपाकघरात होतं, रोज सकाळी. पूर्वेच्या भिंतीवरून कौलाच्या फटीतून कवडसा येतो. चूल पेटलेली नसते तेव्हा तो जमिनीवरच्या ठिपक्यापुरताच दिसतो. मधली हवा काळीच राहते. चूल पेटली की तोच कवडसा आढ्यापासून जमिनीपर्यंत पांढऱ्या काठीसारखा उभा राहतो. त्या काठीकडे तुम्ही कडेने बघत असता. धुराचे कण उजेड बाजूला फेकतात, म्हणून ती दिसते.

विकतच्या फोटोइलेक्ट्रिक अलार्मच्या पोटात हेच आहे. काळी कोठडी, एक दिवा, आणि दिव्याला थेट न दिसणारा डोळा. मध्ये आड भिंत. हवा स्वच्छ असेपर्यंत डोळ्यापुढे अंधार. धूर शिरला की अंधारात उजेड होतो. शून्यातून काहीतरी झालेलं ओळखणं हे भरपुरातून किंचित कमी झालेलं ओळखण्यापेक्षा कितीतरी सोपं.

शाळेत याला टिंडॉल परिणाम म्हणतात. मी तो पाठ केला होता. आईच्या चुलीपुढे तो समजला.

*

दुसरं सर्किट. अवरक्त एलईडी आणि फोटोट्रान्झिस्टर, एकमेकांकडे तिरके, मध्ये पुठ्ठ्याचा पडदा. डबी प्लास्टिकची. आतून काळा रंग दिला तर तो चकाकत होता, म्हणजे भिंतीच उजेड परतवत होत्या. आईने पातेल्याच्या बुडाची काजळी खरवडून दिली. काजळीसारखा मंद काळा बाजारात शोधूनही मिळाला नसता. फोटोट्रान्झिस्टरचा व्होल्टेज एलएम ३५८ या चिपच्या एका पायाला, प्रीसेटने ठरवलेला व्होल्टेज दुसऱ्याला. पहिला दुसऱ्याच्या पुढे गेला की बझर.

अवरक्त दिवा पेटला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर जांभळट ठिपका दिसतो. आईने तो दोनदा पाहायला मागितला.

एक उदबत्ती, दोन फूट खाली. काही क्षणांत वाजला. भर दुपारी गप्प राहिला.

*

एक गोष्ट आम्हाला जमली नाही. एलईडी सतत पेटता ठेवला तर २० मिलिअँपिअर खातो. ९ व्होल्टच्या बॅटरीत साधारण ५०० मिलिअँपिअर-तास असतात. एक दिवस आणि तासभर. विकतचा अलार्म आपला दिवा काही सेकंदांतून एकदाच, पापणी लवायच्या आत लखकन पेटवून विझवतो, म्हणून त्याची बॅटरी वर्षभर पुरते. ही काटकसर हीच त्यातली खरी कारागिरी.

*

एमक्यू २ नावाचा तयार सेन्सर घ्या असं बरेच जण सुचवतात. तो चांगला आहे, पण त्याचं काम वेगळं. आत टिन डायऑक्साइडचा थर असतो आणि तो तापवायला हीटर. ५ व्होल्टवर दीडशे मिलिअँपिअर. आमची बॅटरी तीन-सव्वातीन तासांत संपेल. नवा सेन्सर स्थिरावायला दिवसभर तापवत ठेवावा लागतो. तो धुराला ओरडतो, गॅसला ओरडतो, सॅनिटायझरच्या वाफेलाही ओरडतो. ताम्हिणीच्या बाजूने पाऊस लागला की आमच्याकडे झाडं पडतात आणि वीज दोन-दोन दिवस नसते. नेमका त्या रात्री तो आंधळा. रात्रीच्या राखणीला तो नको.

*

धूर आढ्याला, गॅस फरशीला. सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. गॅसचा सेन्सर खाली, धुराचा वर. दोन्ही एका डबीत घालून मधल्या उंचीवर टांगू नयेत.

आणि थंडीत दार लावून कोळशाची शेगडी खोलीत ठेवतात, त्याबद्दल. धगधगलेल्या कोळशाला धूर नसतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आमचा अलार्म तो ओळखत नाही, विकतचा साधा स्मोक अलार्मही ओळखत नाही. शेगडी बाहेरच ठेवा.

*

पौड रस्त्याने येताना पिरंगुट लागलं की उरवडे आठवतं. ७ जून २०२१. तिथे पाणी शुद्ध करायची रसायनं बनवणाऱ्या कारखान्यात दुपारी आग लागली आणि १७ कामगार गेले, त्यांत बहुतेक बायका. ओळख पटवायला डीएनए तपासावा लागला. भर दिवस होता, सगळे जागे होते. त्याच वर्षी ९ जानेवारीला, मध्यरात्रीनंतर, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागून १० बाळं गेली होती.

उरवड्याला अलार्मने माणसं वाचली असती असं मी म्हणणार नाही. अलार्म सांगतो, दार उघडत नाही. एकदा तसंच आठवत घरी पोचल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते सर्किटचं नव्हतं. मागच्या दाराला लावलेली इंद्रायणी भाताची सहा पोती हलवली. तिथली कडी गंजली होती. आईला ती अंधारात उघडायला लावली. पहिल्या वेळी उघडली नाही. तेल घातलं.

*

आयनीकरणाचा अलार्म म्हणून दुसरी जात असते. त्यात अमेरिशियम २४१ चा कण असतो, एक मायक्रोक्युरीच्या आसपास, अर्धायुष्य ४३२ वर्षं. १९३० च्या दशकात वॉल्टर येगर हे स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखायचं यंत्र करत होते. ते वायूला दाद देईना; वैतागून त्यांनी सिगारेट पेटवली आणि काटा हलला, अशी हकीकत सांगतात. ही जात भडकलेल्या आगीला लवकर ओळखते, धुमसणाऱ्या आगीला उशिरा. आमचा स्विचबोर्ड धुमसत होता, म्हणून आम्ही कवडशाची जात धरली. जुना अलार्म सापडला तर सुटे भाग काढायला म्हणून तो फोडू नका, मुलांनाही फोडू देऊ नका.

*

चार दिवस आमची डबी स्वयंपाकघरात होती. पाचव्या दिवशी आईने ती काढून कणगीवर ठेवली. "फोडणी दिली का बोंबलतंय. मानूस किती येळा धावंल?"

तिचं चुकलं नाही. खोट्या हाकेला चार वेळा धावलेला माणूस पाचव्या वेळी उठत नाही. विकत आणलेल्या अलार्ममधली बॅटरी लोक काढून ठेवतात तीही याच कारणाने. चुलीचं घर अलार्मची जागा नाही. जिथे झोपायचं तिथे तो हवा.

आता झोपायची जागा कुठली, हे कौलारू घरात नीट पाहावं लागतं. आढं पंधरा फुटांवर. थोडा धूर वर जाता जाता निवतो आणि कौलांच्या फटींतून निघून जातो; तिथे टांगलेल्या अलार्मला तो उशिरा भेटेल. आई माळ्याखाली झोपते. माळ्याच्या फळ्या हेच तिचं छत. म्हणून अलार्म त्या फळ्यांना, भिंतीच्या कोपऱ्यापासून बाजूला, तिच्या उशापायथ्याच्या मध्ये.

*

आषाढ. धुकं घरात शिरतं. धुक्याचे थेंबही उजेड बाजूला फेकतातच, त्यामुळे डबी पहाटे दोनदा वाजली. श्रावणात आत कोळ्याने जाळं केलं, पुन्हा वाजली. भोकांवर बारीक जाळी बसवली. विकतच्या अलार्मवरही ती असते आणि त्यात धूळ साठते. महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडायची, पाणी लावायचं नाही.

*

शेवटी काय ठरलं ते लिहितो. हाताने केलेली डबी पुतणीच्या शाळेत गेली, काजळीसकट, आणि तिने फलकावर उन्हाचा हिशोबही लिहिला. मुलांनी हे सर्किट करावंच. धूर कसा दिसतो हे एकदा हाताला कळलं की माणूस घरातल्या बोर्डाकडे, शेगडीकडे, दाराकडे वेगळ्या नजरेने बघतो. पण झोपलेल्या माणसाचा जीव घरच्या सोल्डरच्या सांध्यावर टांगू नये. आईच्या माळ्याच्या फळ्यांना प्रमाणित, बॅटरीवरचा, फोटोइलेक्ट्रिक अलार्म बसवला आहे. दर महिन्याच्या एक तारखेला ती काठीने त्याचं बटण दाबते. दाराच्या आतल्या बाजूला खडूने १०१ आणि ११२ लिहिले आहेत.

अलार्मच्या पाठीवर तो बनवल्याची तारीख छापलेली असते. त्या तारखेपासून १० वर्षं झाली की तो वाजत असला तरी बदलायचा असतो. तुमच्या घरात, सोसायटीत, मुलांच्या वसतिगृहात असा अलार्म असेल, तर आज स्टुलावर चढून तेवढी तारीख वाचा.