टेकडीची 'सुधारणा'

पुण्याच्या वेताळ टेकडीच्या 'सुधारणे'ची बातमी आली की माझ्या डोळ्यांसमोर आधी पेव्हर ब्लॉक येतात. पण सुधारणाच नको, असंही मला म्हणवत नाही. सुट्या मुरमावरून आईचा पाय घसरतो. उतरताना ती माझा हात घट्ट धरते. टेकडी तिलाही हवी आहे.

पायवाट बिघडवण्यात पायांइतकाच पाण्याचाही हात असतो. उतारावरून सरळ खाली जाणारी वाट पावसात ओहोळ होते. माती वाहते, दगड उघडे पडतात, लोक कडेनं चालू लागतात आणि वाट रुंदावत जाते. उपाय साधा आहे. वाट उताराला आडवी न्यायची. तिचा चढ साधारण १० टक्क्यांच्या आत ठेवायचा. खालच्या बाजूला तिला किंचित कल द्यायचा, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न सुटता ती ओलांडून जातं. शॉर्टकट काटेरी फांद्या टाकून बंद करायचे. यात सिमेंट लागत नाही.

झाडांचंही तसंच. हिरवाईसाठी पुण्याच्या टेकड्यांवर मूळचं मध्य अमेरिकेतलं गिरिपुष्प लावलं गेलं. ते भराभर वाढलं. पण गवताळ माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे. टिटवी अंडी घालते ती उघड्या जमिनीवरच.

म्हणून वाटतं, आराखडा करणाऱ्यानं आधी एक पावसाळा टेकडीवर चालावं, पाणी कुठून जातं ते बघावं. आणि निविदेत उद्घाटनानंतरच्या देखभालीचेही पैसे धरावेत. पाऊस दरवर्षी येणारच आहे.