मध्यस्थ

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये, बेलहाउसिंगच्या अंधारात, हा बसलेला असतो. पोलादी, गोल, दोन्ही बाजूंनी फुगीर, मध्यभागी नळीसारखा हब पुढे आलेला. तेल भरलं की वजन वीस किलोंच्या आसपास. बॉनेट उघडलं तरी दिसत नाही, गाडीखाली शिरलं तरी दिसतं ते त्याचं कव्हर. आपल्याकडे शोरूममध्ये हल्ली ‘एएमटी आहे की टॉर्क कन्व्हर्टर?’ असा प्रश्न लोक विचारतात, तेवढीच या टॉर्क कन्व्हर्टरची सार्वजनिक ओळख. इनोव्हा क्रिस्टाच्या ऑटोमॅटिकमध्ये तोच आहे, आणि खंडाळ्याच्या घाटात ट्रॅफिक तुंबलं की चढावर ब्रेक सोडल्यावर गाडीला मागे घरंगळू न देण्याचा प्रयत्न करणाराही तोच.

त्याच्या वाट्याला आलेलं काम अवघड आहे. इंजिनाला थांबणं ठाऊक नसतं. मिनिटाला सहा-सातशे फेऱ्यांच्या फार खाली गेलं की ते बंदच पडतं. चाकांना मात्र दर सिग्नलला थांबावं लागतं. मॅन्युअल गाडीत हा तंटा आपला डावा पाय क्लचवर सोडवत असतो. ऑटोमॅटिकमध्ये तो याच्यावर सोपवलेला आहे, आणि हा तो सोडवतो केवळ तेलाच्या जोरावर.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे त्यांना याच्या पोटातलं काम चटकन समजेल. फरक इतकाच की इथे प्रवाहही त्यालाच निर्माण करावा लागतो. त्याचं बाहेरचं कवच इंजिनाला बोल्टांनी जखडलेलं असतं. कवचाच्या आतल्या पात्या, म्हणजे पंप, इंजिनाबरोबर फिरतात आणि तेल कडेला भिरकावतात. समोर टर्बाइन असतं, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसवलेलं. तेल त्याच्या पात्यांवर आदळतं, त्याला फिरवतं आणि मध्याकडून परत निघतं. पण परत निघताना त्याची दिशा उलटी झालेली असते. तसंच पंपाकडे गेलं तर ते इंजिनालाच अडवील. म्हणून दोघांच्या मध्ये स्टेटर नावाचं छोटं चक्र आहे. ते एकाच दिशेला फिरू शकतं. उलटं येणारं तेल त्याच्यावर आपटतं, वळतं आणि पंपाला मदत करायला जातं. गाडी उभी असताना ऍक्सिलरेटर दाबला की या वळणातून टॉर्क जवळपास दुप्पट होऊन गिअरबॉक्सला मिळतो. वेग जमला, टर्बाइन पंपाच्या जवळपास आलं की स्टेटर मोकळा फिरू लागतो. कुणी सांगावं लागत नाही. गरज असेल तेव्हा ठाम उभं राहायचं आणि संपली की बाजूला व्हायचं, या त्याच्या गुणावर माझा फार जीव आहे.

त्याचा जन्म मोटारीसाठी झालाच नव्हता. हेर्मान फ्योटिंगर हा जर्मन इंजिनिअर श्टेटीनच्या फुल्कान जहाजकारखान्यात होता. वाफेच्या टर्बाइनला भरधाव फिरायचं असे आणि जहाजाच्या पंख्याला संथ. १९०५ साली त्याने पेटंट घेतलं ते या दोघांत द्रवाचा मध्यस्थ बसवण्याचं. मोटारीत पूर्ण कारभार त्याच्या हाती आला तो १९४८ च्या ब्यूइक रोडमास्टरमध्ये, डायनाफ्लो या नावाने. त्या गाडीत नेहमीच्या ‘ड्राइव्ह’मध्ये गिअर बदलतच नसत. सगळं हाच करी. चाल लोण्यासारखी मऊ, पण उठायला जड आणि पेट्रोलला भारी. पुढच्याच वर्षी पॅकार्डने त्याच्या पोटात एक क्लच घातला. वेग स्थिरावला की पंप आणि टर्बाइन एकमेकांना घट्ट धरत आणि तेलातली घसरण थांबे. तेलसंकटानंतर, १९७८ मध्ये क्रायस्लरने हा लॉक-अप पुन्हा आणला आणि मग तो सगळ्यांनीच घेतला.

आता त्याला बदलण्याची गोष्ट. अमेरिकेत ज्या गाड्यांमध्ये हा उद्योग सर्रास चालतो त्यांतली एक म्हणजे १९९८ ते २००२ ची शेव्हरोले कॅमॅरो झी-२८. ५.७ लिटरचं एलएस-१ इंजिन, ४एल६०ई हा चार गिअरांचा बॉक्स. या इंजिनाची खरी ताकद चार हजार आरपीएमच्या आसपास. कंपनीचा कन्व्हर्टर मात्र असा की उभ्या गाडीत फुल ऍक्सिलरेटर दिला तरी इंजिनाला दोन हजारांच्या आतच रोखून धरतो. इंजिन जिथे अडतं त्या आकड्याला स्टॉल स्पीड म्हणतात. कंपनीची यात चूक नाही. तिला आवाज कमी हवा, मायलेज हवं, आणि कधीच गाडी पळवणार नाही अशा गिऱ्हाइकालाही खूश ठेवायचं असतं. पण परिणाम असा की सिग्नल सुटल्यावर पहिले काही क्षण इंजिन आपल्या अशक्त भागातून गाडी ओढत राहतं. रोज गाडी चालवणाऱ्याला नेमकं तेच जाणवतं.

नवा कन्व्हर्टर आकाराने लहान असतो, आणि सगळी मेख त्या आकारात आहे. पात्यांची ठेवण तीच ठेवली तर टॉर्क पेलायची त्याची कुवत व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. १२ इंचांचा १० इंचांवर आणला की कुवत उरते साधारण ४० टक्के. तेवढाच टॉर्क पेलायला त्याला दीडपटीहून थोडं जास्त फिरावं लागतं. १८०० ला अडवणारा गडी आता २८०० च्या पुढे अडवतो. म्हणजे पाय दाबताच इंजिन आपल्या ताकदीच्या अंगणात उडी मारतं आणि मागची चाकं तिथूनच ओढ घेतात. इंजिनात एक पैशाचीही भर न घालता पिकअप पालटतो.

स्टॉलचा आकडा खोक्यावर छापलेला असला तरी तो त्याचा एकट्याचा नसतो. इंजिनाचा टॉर्क जसा वाढेल तसा, त्याच्या वर्गमुळाच्या हिशेबाने, स्टॉलही वर जातो. कॅमॅरोत तीन हजार दाखवणारा कन्व्हर्टर लहान इंजिनामागे बसवला तर तिथे तीन हजार कधीच दाखवणार नाही. दुसऱ्याचं ऐकून आपल्या गाडीत तोच डबा बसवणं म्हणूनच फसतं. चांगला बांधणारा आधी गाडीचं वजन विचारतो, मागच्या ऍक्सलचा रेशो, टायरचा आकार, कॅमशाफ्ट बदलली आहे का, आणि रोज कुठे जाता हेही. स्टेटरच्या पात्या कशा वळवल्या आहेत त्यावरून सारख्याच स्टॉलचे दोन कन्व्हर्टर अगदी वेगळे वागतात. एक हलक्या पायालाही गाडीला धरून राहतो. दुसरा इंजिन आधी ओरडवतो आणि गाडी मागाहून हलवतो. रोजच्या गाडीला पहिला हवा. चार हजारांचा कन्व्हर्टर शर्यतीच्या पट्टीवर शोभतो. पार्किंगमधून रिव्हर्स काढताना तो जीव नकोसा करील. २६०० ते ३००० च्या दरम्यान थांबावं, हे माझं ठाम मत आहे.

आणि लॉक-अप काढून टाकलेला स्वस्त कन्व्हर्टर कुणी देऊ केला तर घेऊ नये. हिशेब साधा आहे. या कॅमॅरोच्या ऑटोमॅटिकला ऍक्सलचा साधा रेशो २.७३ आणि चौथा गिअर ०.७०, म्हणजे हायवेवर ताशी ७० मैलांना इंजिन सुमारे पावणेदोन हजारांवर फिरतं. हा आकडा नव्या कन्व्हर्टरच्या स्टॉलच्या बराच खाली आहे. लॉक-अप नसेल तर तास-तास तेलातच घसरण चालू राहील, आणि घसरणीत गेलेली सगळी ताकद उष्णता होऊन तेलात उतरते. गिअरबॉक्सचं तेल लालबुंद असतं. तापून तपकिरी झालं, जळका वास येऊ लागला की क्लचच्या प्लेटांचं आयुष्य सरत आलं असं समजावं. म्हणून वेगळा ऑइल कुलर हवाच. स्टॉल पाहण्यासाठी ब्रेक दाबून फुल ऍक्सिलरेटर द्यायचा तोही पाच सेकंदांपलीकडे नाही, कारण त्या वेळी इंजिनाची अख्खी ताकद त्या वीस किलोंच्या डब्यात नुसती तापत असते. जुन्या तेलातला धातूचा कीस कुलरच्या नळ्यांत अडकलेला असतो. त्या धुऊन घ्याव्यात किंवा कुलरच बदलावा. लॉक-अप कोणत्या वेगाला लागावा हे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नव्याने भरून घ्यावं लागतं.

बसवण्याची वेळ हा माझ्या आवडीचा भाग. नवा कन्व्हर्टर हब वर करून जमिनीवर ठेवतात आणि त्यात लिटरभर तेल ओततात. घाई केली तर तेल हबवरून ओसंडतं. थोडं ओतायचं, थांबायचं, आतली हवा बुडबुडत वर येऊ द्यायची. मग तो उचलून गिअरबॉक्सच्या तोंडाशी नेतात आणि हलक्या हाताने फिरवत आत दाबतात. आत त्याला तीन ठिकाणी जुळायचं असतं: टर्बाइनच्या खाचा इनपुट शाफ्टवर, स्टेटरच्या त्याच्या स्थिर नळीवर, आणि हबच्या खाचा गिअरबॉक्सच्या तेलपंपात. प्रत्येक वेळी हाताला ‘खट्’ असा छोटा धक्का बसतो आणि तो थोडा आणखी आत सरकतो. दोनच धक्के लागले तर पुन्हा फिरवायचं. तिसऱ्याची वाट न बघता गिअरबॉक्स इंजिनाला लावून बोल्ट आवळत नेले, तर हब पंपावर दाबला जातो आणि इंजिन सुरू होण्याआधीच पंप फुटतो. नीट बसला असेल तर बॉक्स इंजिनाला भिडल्यावरही कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरतो आणि ज्या चकतीला तो बोल्टांनी जखडायचा त्या इंजिनाच्या फ्लेक्सप्लेटपर्यंत एक-अष्टमांश इंचाच्या आसपास फट उरते. अनुभवी मेकॅनिक ही फट बघितल्याशिवाय पुढचा बोल्ट हातात घेत नाही.

पहिल्या दिवशी चालवणाऱ्याला गाडी सैल वाटते. आवाज आधी, हालचाल नंतर. दोन-चार दिवसांत पाय शिकतो. गर्दीत ऍक्सिलरेटर हलका ठेवला की गाडी गुमान सरकते, आणि हायवेच्या रॅम्पवर पाय खाली गेला की तिचं मागचं अंग बसतं आणि ती उठते. मायलेज शहरात थोडं घटतं. लॉक-अप शाबूत असेल तर हायवेवर फारसा फरक पडत नाही.

उलट दिशेने जाणारे लोकही आहेत, आणि तेही तितकेच बरोबर आहेत. कमिन्स डिझेल इंजिनाच्या डॉज रॅम ट्रकवाल्यांना स्टॉल खाली आणायचा असतो. डिझेलचा टॉर्क दीड-दोन हजारांच्या आसपासच भरात येतो. तिथे सैल कन्व्हर्टर म्हणजे नुसता धूर आणि तापलेलं तेल. ट्यूनिंग करून टॉर्क वाढवला की कंपनीच्या लॉक-अपची एकच चकती घसरू लागते. म्हणून ते तीन चकत्यांचा, घट्ट स्वभावाचा कन्व्हर्टर घेतात.

काढलेला जुना कन्व्हर्टर सहसा भंगारात जात नाही. बांधणारे तो परत घेतात आणि त्याची किंमत नव्यातून वजा करतात. लेथवर चढवून त्याची वेल्डिंगची शिवण कापतात, दोन अर्धे वेगळे करतात. आतला काळा गाळ धुऊन काढतात, सैल झालेल्या पात्या ब्रेझिंगने पक्क्या करतात, लॉक-अपला नवं अस्तर चिकटवतात. स्टेटर हातात धरून दोन्हीकडे फिरवून बघतात: एकीकडे फिरला आणि दुसरीकडे अडला तर ठीक, दोन्हीकडे फिरला तर त्याचा एकदिशा क्लच बदलायचा. झिजलेल्या वॉशरच्या जागी बेअरिंग बसतं. मग पुन्हा वेल्डिंग, हब सरळ फिरतो की नाही हे डायल गेजने पाहणं, हवा भरून गळती तपासणं, तोल साधणं. एवढं झालं की त्याला नवा रंग देतात आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीसाठी फळीवर ठेवतात.